मिस्त्रीकाका, तुम्ही बसवलेल्या त्या मीटरबद्दल

मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

आमच्या जुन्या गाडीला तुम्ही टेम्परेचर मीटर बसवून दिलात, त्याचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत. पैसे देताना दोन शब्द बोलले होते, पण काम किती जिवापाड केलं होतंत हे पसरणी घाट चढताना कळलं.

आई पाचगणीला असते. सातारा, वाई आणि मग घाट, हा आमचा नेहमीचा रस्ता. गाडीला मुळात फक्त लाल दिवा. तो लागेपर्यंत इंजिन पार तापलेलं असतं, आणि घाटात गाडी बाजूला घ्यायला जागा मिळेलच असं नाही.

मीटर बसवा म्हटल्यावर तुम्ही लगेच पाना उचलला नाहीत. आधी रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप आणि रेडिएटरची कॅप पाहिलीत. "मीटर लावून गाडी गार होत नाही, ताई. तापायचं कारण असेल तर ते आधी काढायचं," हे तुमचे शब्द. मग सेन्सर पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात धरून मीटरला जोडलात. काटा शंभराच्या जरा अलीकडे थांबला. मी विचारलं, तर म्हणालात, सातारा सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, इथं पाणी शंभराच्या आधीच उकळतं, म्हणजे मीटर बरोबर आहे. इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, असतं आणि कॅपमुळे दाब धरला जातो, म्हणून तिथं उकळी आणखी वर जाते, हेही तेव्हाच सांगितलंत.

वरचा होजपाइप कापून मधे सेन्सरचा धातूचा अडॅप्टर, दोन्हीकडे क्लॅम्प, हे कुणीही करेल. पण दोन्ही बाजूंना रबर असल्यानं त्या तुकड्याला अर्थिंग, म्हणजे विजेची परतीची वाट, मिळत नाही, म्हणून तुम्ही त्याची वेगळी वायर काढून इंजिनला घट्ट बांधलीत. ती नसती तर काटा खोटं बोलला असता. मीटरची लाइन फ्यूजमधून घेतलीत, चावी फिरवल्यावरच चालू होणारी. वायर पंख्यापासून आणि तापणाऱ्या एक्झॉस्टपासून लांब नेलीत, पत्र्यातून आत घेताना भोकाला रबरी ग्रोमेट लावलात. शेवटी कूलंट भरून, हीटर चालू ठेवून हवा पूर्ण निघेपर्यंत गाडी सुरू ठेवलीत. घाई असलेल्या माणसानं हे शेवटचं काम नक्की टाळलं असतं.

सगळ्यात मोलाचं म्हणजे तुम्ही मला काटा वाचायला शिकवलंत. गाडी सुरू केल्यावर तो बराच वेळ खालीच राहतो आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडणारी कूलंटची झडप, उघडला की झपकन वर येतो. आमच्या गाडीत सेन्सर थर्मोस्टॅटच्या पुढे आहे, म्हणून. चढावर तो थोडा वाढला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करायचा, म्हणजे थोडी उष्णता तिकडून निघून जाते. तरीही चढतच राहिला तर थांबायचं, आणि गरम असताना कॅपला हात लावायचा नाही. आणि चढावर काटा एकाएकी खाली पडला तर खूश व्हायचं नाही. कूलंट गळून गेलं असेल तर सेन्सरभोवती पाणीच उरत नाही, काटा गार दाखवतो आणि इंजिन भाजत असतं. ही गोष्ट मला दुसऱ्या कुणी सांगितली नव्हती. जुनी गाडी घाटात चालवणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असावी, म्हणूनच हे पत्र उघड लिहिलं.

परवा आईला घेऊन खाली आले. मागच्या सीटवर ती निवांत झोपली होती, आणि मीही मनात धाकधूक न ठेवता गाडी चालवली. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

दिवाळीनंतर कूलंट बदलायला गाडी तुमच्याकडेच आणते. तोवर पाचगणीची स्ट्रॉबेरी निघू लागली असेल. तुमच्यासाठी आणि दुकानातल्या पोरांसाठी एक पेटी पाठवायची, असं आईनं बजावून ठेवलंय.

आपली,
सातारची ताई