गोव्याची फाईल ३१ डिसेंबरला बंद झाली

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पोर्तुगालमधल्या १९७४च्या क्रांतीवर, म्हणजे तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी तिथली हुकूमशाही उलथवली त्या बंडावर, आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. बंदुकीच्या नळीत खोवलेल्या लाल कार्नेशनचे छायाचित्र अर्धे पान व्यापून होते, ते आवडले. मात्र लेख २५ एप्रिलच्या पहाटे सुरू होतो आणि त्याच संध्याकाळी संपतो. गोव्यातल्या मराठी दैनिकाने त्या वर्षावर लिहावे आणि गोव्याला 'पूर्वीची वसाहत' एवढ्या दोन शब्दांत उरकावे, हे काही पटले नाही.

आधी एक दुरुस्ती. 'रक्ताचा थेंबही न सांडता' असे लेखात म्हटले आहे. त्या दिवशी लिस्बनमध्ये गुप्त पोलिसांच्या मुख्यालयासमोर जमलेल्या लोकांवर आतून गोळीबार झाला आणि चार जण मेले. हे पोलीस म्हणजे तीच पिडे. १९६९मध्ये पाटी बदलून डीजीएस केली होती, पण लोक जुनेच नाव घेत. आमच्याकडच्या स्वातंत्र्यसैनिकांनाही ते चांगलेच ठाऊक होते. मोहन रानडे यांनी लिस्बनजवळच्या ज्या काशियसच्या तुरुंगात वर्षे काढली, त्याच तुरुंगातून २६ एप्रिलच्या रात्री राजकीय कैदी बाहेर पडू लागले. रानडे त्याआधी, जानेवारी १९६९मध्ये सुटले होते.

आता बंड करणाऱ्यांविषयी. हे बहुतेक तिशीतले कॅप्टन आणि मेजर. यांची पहिली ठिणगी कशावरून पडली? बढतीवरून. जुलै १९७३मध्ये सरकारने असा हुकूम काढला की, सक्तीच्या भरतीतून आलेल्या अधिकाऱ्यांनी छोटा अभ्यासक्रम केला की ते कायम सेवेतल्यांच्या बरोबरीला, प्रसंगी वरही जाणार. ज्याने शाळेत किंवा सरकारी खात्यात नोकरी केली आहे, त्याला सेवाज्येष्ठतेची यादी काय आग लावते हे सांगायला नको. मी स्वतः अशा एका यादीपायी दोन वर्षे एका सहकाऱ्याशी बोललो नव्हतो! सप्टेंबरात हे कॅप्टन पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातल्या एका शेतावर गुपचूप जमले आणि बोलता बोलता विषय बढतीवरून आफ्रिकेवर गेला. अंगोलात १९६१पासून, गिनीत १९६३पासून, मोझांबिकमध्ये १९६४पासून युद्ध चालू. देश जेमतेम नव्वद लाखांचा. तरुण पोरे सक्तीची भरती चुकवायला डोंगर ओलांडून फ्रान्सला पळत होती.

आणि याच्याही तळाशी होता गोवा. डिसेंबर १९६१मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने गव्हर्नर जनरल वासालू ई सिल्व्हा यांना कळवले होते की, शरणागती नाही. पोर्तुगीज शिपाई एकतर जिंकेल किंवा मरेल. गोव्याने रणगाडाविरोधी गोळ्यांची मागणी सांकेतिक शब्दात, म्हणजे 'शोरिसू' (सॉसेज) म्हणून पाठवली आणि लिस्बनने विमानातून खरोखरचे सॉसेज धाडले, असा किस्साही सांगितला जातो. वासालू ई सिल्व्हांनी १९ डिसेंबरला शरणागती दिली आणि तीन हजारांहून अधिक माणसे वाचवली. हे युद्धकैदी मे १९६२पर्यंत इथल्या छावण्यांत होते. मायदेशी परतले तेव्हा स्वागत झाले ते भित्रे म्हणून. गव्हर्नर जनरलना १९६३मध्ये लष्करातून काढून टाकले.

पुढे बारा वर्षांनी गिनीत बंडखोरांच्या हाती विमानवेधी क्षेपणास्त्रे आली, तिथे हार समोर दिसू लागली, तेव्हा या कॅप्टनांच्या डोळ्यांपुढे गोवाच उभा राहिला. युद्ध हरणार राज्यकर्ते आणि खापर फुटणार सैन्याच्या डोक्यावर, हे त्यांनी एकदा पाहिले होते. एकट्या गोव्यामुळे क्रांती झाली, असे मी म्हणत नाही. पण मांडवीच्या काठी जे घडले त्याचे देणे लिस्बनच्या तेजू नदीकाठी चुकवले गेले, हे लेखात यायला हवे होते.

फेब्रुवारी १९७४मध्ये सैन्याचे उपप्रमुख जनरल स्पिनोला यांनी पुस्तक काढून आफ्रिकेतले युद्ध बंदुकीने सुटणार नाही असे लिहिले. १४ मार्चला पंतप्रधान मार्सेलू काएतानू यांनी वयोवृद्ध सेनाधिकाऱ्यांना रांगेत उभे करून निष्ठा वदवून घेतली. लोकांनी या मंडळींचे नाव ठेवले 'संधिवाताची ब्रिगेड'. स्पिनोला तिकडे फिरकले नाहीत, म्हणून त्यांना पदावरून हटवले. १६ मार्चचा उठाव फसला. त्यानंतर एप्रिल. आपल्या लेखकाने रेडिओवर गाणी लावून दिलेला बंडाचा इशारा छान रंगवला आहे. त्यातले पहिले गाणे याच महिन्यात युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेत तळाला गेले होते, ही गंमत मात्र राहून गेली.

एप्रिलनंतरही वर्ष संपले नव्हते. २८ तारखेला परदेशात राहावे लागलेले समाजवादी नेते मारियू सुआरिश पॅरिसहून रेल्वेने परतले. जुलैअखेर वसाहतींचा स्वयंनिर्णयाचा हक्क कायद्याने मान्य झाला. सप्टेंबरात गिनी-बिसाऊला मान्यता मिळाली. राष्ट्राध्यक्ष झालेले स्पिनोला त्याच महिन्याच्या शेवटी राजीनामा देऊन मोकळे झाले. वसाहती सोडायची एवढी घाई त्यांना नको होती.

मी तेव्हा कॉलेजात होतो. मे महिन्यात इथे रेल्वेचा संप, मग पोखरण. लिस्बनच्या बातम्या वाचायला कोणाला सवड होती! माझे वडील मात्र वाचत. सालाझारच्या राजवटीत वाढलेला माणूस तो. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एक बातमी कापून पंचांगात ठेवली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत भारत आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. मान्यता त्या दिवसापासूनची नव्हे. भारतीय राज्यघटनेनुसार हे प्रदेश ज्या तारखांना भारताचे भाग झाले, त्या तारखांपासूनची. म्हणजे आमच्यासाठी २० डिसेंबर १९६१पासूनची. वडील म्हणाले, "आमी सुटून तेरा वर्सां जालीं, तांकां आतां कळ्ळें."

या करारावर पोर्तुगालच्या बाजूने सही होती परराष्ट्रमंत्री सुआरिश यांची. पिडेने बारा वेळा तुरुंगात टाकलेला माणूस. आणि भारताच्या बाजूने? यशवंतराव चव्हाण. ऑक्टोबरातच ते परराष्ट्रमंत्री झाले होते. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री आणि गोव्याची ही सही! जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात जायला नाही म्हणाला, त्याला तेव्हा आठच वर्षे होत आली होती. हा प्रसंग तिकडच्या मराठी वाचकांनाही फारसा ठाऊक नसतो, इकडच्यांनाही नाही.

आज १९६१पूर्वी जन्मलेल्या आजी-आजोबांचे दाखले शोधून पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करणारी मुले आमच्या गावातही आहेत. त्यांना दोष देत नाही. पण 'करार कधी झाला?' असे विचारले तर उत्तर येत नाही. वासालू ई सिल्व्हांना क्रांतीनंतर सन्मानाने परत घेतले गेले आणि १९८०मध्ये ते पाहुणे म्हणून गोव्यात येऊनही गेले, हे तर विचारायलाच नको.

तेव्हा विनंती एवढीच की, चार मृतांविषयीची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी आणि येत्या ३१ डिसेंबरच्या अंकात त्या कराराची नोंद घ्यावी. त्या दिवशी पार्ट्यांच्या जाहिरातींनी पाने भरलेली असतात, कल्पना आहे. कोपऱ्यात चार ओळी मिळाल्या तरी चालेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डिचोली