भिंती बुजवण्यापूर्वी

औसा,
गुरुवार

चि. सौ. अनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू मला म्हणालीस, ‘अण्णा, हे घर आहे, तुमचे बॉयलर हाऊस नाही,’ आणि मी चहा न घेताच निघालो. त्या बोलण्याचा मला राग आलेला नाही, हे आधी सांगतो. तुझ्या आईच्या मते राग आला आहे आणि तो लपतही नाही. ते तिचे मत झाले. सोमवारपासून गवंडी भिंतींना चर पाडायला घेणार, असे विवेकरावांकडून कळले, म्हणून तुझ्या लातूरच्या नव्या घरातल्या पाण्याविषयी आणि नळ्यांविषयी काही गोष्टी लेखी कळवतो आहे, कारण फोनवर आपले दोघांचेही आवाज चढतात आणि कामाचा मुद्दा बाजूला राहतो. गीझरविषयी या पत्रात मी काही लिहिणार नाही. त्यावर जे बोलायचे ते बोलून झाले आहे.

तुझ्या बोअरच्या पाण्याचा अहवाल भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून काल हाती आला. एकूण कठीणपणा लिटरला ५४० मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे २०० पर्यंतचे पाणी चांगले, आणि दुसरा काही स्रोतच नसेल तर ६०० पर्यंतचे चालवून घ्यावे. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर तुझ्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत दर वेळी अर्ध्या किलोहून अधिक चुना चढतो आहे. इंटिरियरच्या कामावरच्या त्या मुलाने खिशातला टीडीएस मीटर बुडवून ‘पाणी ओके आहे’ असे सांगितले होते; त्याच्यावर मी चिडलो, ते तुला आवडले नाही. पण तो मीटर पाण्यात एकूण किती क्षार विरघळले आहेत याचा केवळ अंदाज देतो, त्यांतला चुना किती आणि मीठ किती हे त्याला कळत नाही. कारखान्यात आम्ही प्रत्येक पाळीला बुरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीतून, चुना मोजणाऱ्या ईडीटीए या रसायनाचे थेंब सोडून बॉयलरला जाणारे पाणी तपासत असू. तुला आठवत असेल, सातवीच्या सुट्टीत डबा घेऊन आली होतीस तेव्हा लाल पाणी एका थेंबासरशी निळे झालेले पाहून तू ते पुन्हा करायला लावलेस, आणि केमिस्टसाहेबांनी एरवी कोणाला न दिलेली बुरेट तुझ्या हातात दिली. ‘ही मुलगी नोंदी नीट ठेवते’ असे ते म्हणाले होते. आज तू बँकेत लोकांची कर्जे तपासतेस आणि स्वतःच्या नावावर घर घेणारी आपल्या घराण्यातली पहिली बाई झालीस, हे मी भावकीत किती जणांना सांगितले ते तुझी आई मोजून सांगेल.

लातूरचा सगळा मुलूख काळ्या बेसाल्टवर बसलेला आहे. त्या खडकाच्या फटींत आणि पोकळ्यांत कॅल्साइट भरलेले असते, आणि पाणी खोलवर वर्षानुवर्षे त्याच्याच सहवासात राहून वर येते. त्यामानाने मांजरा धरणाचे नळाचे पाणी हलके, पण ते रोज येत नाही. त्यामुळे ज्याच्या-त्याच्या घरी दोन्ही पाणी एकाच टाकीत जाते आणि मग डाळ शिजत नाही म्हणून डाळीला बोल लावला जातो. माझे पहिले सांगणे एवढेच, की नळाच्या पाण्याची टाकी वेगळी ठेव, लहान असली तरी चालेल, आणि तिची नळी थेट स्वयंपाकघरात ने. या दोन नळ्या कुठेही, एखादा कॉक मध्ये ठेवूनसुद्धा, एकमेकींना जोडू देऊ नकोस.

पाणी मऊ करणारे यंत्र, म्हणजे सॉफ्टनर, बसवायचा की नाही यावर तुमचे ठरलेले नाही, असे विवेकराव म्हणाले. मी चाळीस वर्षे सॉफ्टनरच्या पाण्यावर नोकरी केली, तरी सगळ्या घराला ते पाणी दे असे मी म्हणणार नाही. त्यातले रेझिन, म्हणजे बारीक मणी, पाण्यातला चुना धरून ठेवते आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडते. तुझ्या ५४० च्या पाण्यात त्यामुळे लिटरमागे सुमारे अडीचशे मिलिग्रॅम सोडियमची भर पडेल. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी तुझी आई दिवाळीला महिनाभर तुझ्याकडे राहणार, तेव्हा पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या नळाला ते पाणी नको. कुंड्यांनाही नको, मातीला ते मानवत नाही. पंचवीस लिटर रेझिनचे यंत्र तुझ्या पाण्यावर साधारण दोन-सव्वादोन हजार लिटर पाणी मऊ करील. मग त्याला मिठाच्या पाण्याने धुवावे लागेल, आणि त्या प्रत्येक धुण्यात दीड-दोनशे लिटर पाणी आणि तीनेक किलो मीठ गटारात जाईल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आले, ते उतरताना पाहायला मी तुझ्या मुलाला खांद्यावर घेऊन उभा होतो. त्या गावात संडासाच्या टाकीत मऊ केलेले पाणी ओतणे मला बघवणार नाही. म्हणून मऊ पाणी फक्त न्हाणीघरांना आणि कपड्यांच्या यंत्राला, फ्लशला, बागेला आणि अंगण धुवायला बोअरचे जसेच्या तसे. हे आता, चर पाडण्यापूर्वीच, नकाशावर काढावे लागेल, कारण नळ्या एकदा एकत्र गाडल्या की त्या वेगळ्या करण्यासाठी भिंतच फोडावी लागते. यंत्र यंदा परवडत नसेल तर पुढच्या वर्षी घ्या, पण त्याची जागा, बायपासचा कॉक, सांडपाण्याची नळी आणि विजेचा प्लग आजच करून ठेवा. चुंबकाच्या पट्ट्या आणि नळीला गुंडाळायच्या तारा विकणाऱ्यांना मात्र दारातूनच परत पाठव. त्यांनी पाण्यातला चुना कमी होत नाही.

पाण्यातला काही चुना असा असतो की पाणी तापवले की तो तिथेच खाली बसतो. बायकार्बोनेट तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो तो पांढरा थर. साठ अंशांच्या पुढे हा थर फार भराभर धरतो. त्यामुळे थंड पाण्याची नळी वर्षानुवर्षे टिकली तरी गरम पाण्याची आधी चोंदते, आणि त्याहीपूर्वी चोंदते ती पाणी तापवण्याची जागा.

आता पुन्हा गीझरवर आलो, तर आलोच. तुझ्या नकाशात तो मुलांच्या न्हाणीघराच्या फॉल्स सीलिंगच्या वर आडवा ठेवला आहे, म्हणजे डोळ्यांना दिसायला नको. तू म्हणालीस की त्याला थर्मोस्टॅट असतो, कटआऊट असतो, आणि आजकाल गीझर फुटत नाहीत. बरोबर आहे, फार क्वचित फुटतात. पण थंड पाणी आत शिरते त्या तोंडाशी पितळेचा एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापून फुगले की वाढलेला दाब त्यातून थेंब-थेंब बाहेर पडतो. ही गळती नव्हे, ते त्याचे कामच आहे. तुझ्या पाण्याचे हे थेंब सुकून त्याच्या स्प्रिंगवर आणि बैठकीवर चुना धरणार, हे नक्की. आणि सीलिंगच्या वर थेंब पडू लागले की पीओपीला पिवळा डाग येईल, तू कोणाला तरी बोलावशील, आणि तो माणूस ‘मॅडम, लिकेज बंद केले’ असे सांगून त्या तोंडाला बूच मारून जाईल. असे बूच मारलेले गीझर मी नात्यातच पाहिले आहेत. समोरच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, व्हॉल्व्हची नळी खाली मोरीपर्यंत उघडी सोडून गीझर ठेवला तर तो थेंब रोज कोणाच्या तरी नजरेस पडेल, आणि पडेनासा झाला तरी कळेल.

हे लिहून झाल्यावर वाटले की मी पुन्हा भाषण दिले. माफ कर. तू चाळिशीला आलीस आणि मी अजून सायकलच्या मागे धावतो आहे, असे तुझी आई म्हणते. पण बॉयलरवरच्या ज्या फायरमनच्या मुलीच्या लग्नाला तू माझ्याबरोबर आली होतीस, त्याचा डावा हात आणि मान तू पाहिली आहेस. बॉयलरच्या ट्यूबला आतून थर बसला की आगीची धग पाण्यापर्यंत पोहोचत नाही, लोखंडच तापून मऊ पडते आणि एका जागी फुगते. त्या रात्री मी पाळी बदलून घेतली होती. त्याविषयी तुम्हा मुलांना मी कधी काही सांगितले नाही आणि आजही पुढे सांगणार नाही.

तेव्हा कामाचे लिहितो. गरम-थंड दोन्हींसाठी सीपीव्हीसीच, म्हणजे गरम पाणी सोसणारी प्लास्टिकची नळीच, घे. साधा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, आणि प्लंबर उरलेले तुकडे संपवण्यासाठी तो मध्येच कुठेतरी घालतात. नळाच्या प्रत्येक तोंडाशी पितळी आट्यांचे फिटिंग असावे. गेट व्हॉल्व्ह नको. त्याचा दांडा क्षाराने धरतो आणि नेमका गरजेच्या वेळी फिरत नाही. पाव फेऱ्याचे बॉल व्हॉल्व्ह प्रत्येक न्हाणीघराला स्वतंत्र दे, हात सहज पोहोचेल असे, आणि ते महिन्यातून एकदा उघडझाप करण्याचे काम मुलाला लावून दे. नळाचे पाणी शॉवरकडे वळवणारा डायव्हर्टर भिंतीत गाडलेला तुला आवडला आहे. त्याचे कार्ट्रिज, म्हणजे आतला फिरणारा भाग, दोन-चार वर्षांनी अडकणार हे धरून चाल, आणि टाइल न फोडता पुढून काढता येईल असाच घे, एक जास्तीचे कार्ट्रिज आजच घेऊन ठेव. काळ्या मॅट रंगाच्या नळांवर पाण्याचा प्रत्येक थेंब पांढरा उठेल. त्यावर माझे मत तू विचारले नव्हतेस. साफसफाईला लिंबूसत्त्व पुरते. दुकानातले ॲसिड नळांची झिलई घालवते, आणि ते ब्लीचिंगशी मिसळले तर विषारी वायू होतो, हे कामवाल्या बाईंना स्वतः सांग.

भूकंपानंतर बांधलेल्या आपल्या घराचा जी. आय. पाइप कापला तेव्हा अर्ध्या इंचाच्या नळीत पेन्सिल जाईना, आणि तू तो तुकडा शाळेत दाखवायला नेला होतास. ते घर बांधताना मोरीत उघड्यावर नळ्या ठेवल्या म्हणून तुझ्या आत्याने नावे ठेवली होती, आणि पुढे नळ्या बदलताना एक वीटही हलवावी लागली नाही. तुला तसे उघडे नळ नको आहेत, हे मला समजते. कर्ज तुझे, घर तुझे, आणि ते देखणे व्हावे ही तुझी इच्छा रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच, की जिथे चुना बसणार आहे तिथे माणसाचा हात पोहोचला पाहिजे. गीझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः झिजते. वर्ष-दोन वर्षांनी ती बाहेर ओढून पाहावी लागते. सीलिंगच्या त्या फूटभर पोकळीत ती ओढायला जागा कुठे आहे, हे त्या इंटिरियरवाल्या मुलाला टेप घेऊन दाखवायला सांग. तरीही तुम्ही तो वरच ठेवणार असाल तर निदान खाली मोठे उघडझापीचे झाकण करा, व्हॉल्व्हची नळी भिंतीतून बाहेर काढून दिसेल अशी सोडा, व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कोणताही कॉक येऊ देऊ नका, आणि थर्मोस्टॅट पंचावन्नवर ठेवा.

टाइल लावण्यापूर्वी सगळ्या नळ्यांची दाबाची चाचणी घ्यायची आहे. नळांची तोंडे बुचांनी बंद करून हातपंपाने दाब द्यायचा आणि रात्रभर दाबाच्या घड्याळाचा काटा जागेवर राहतो का ते पाहायचे. प्लंबर म्हणेल की अर्धा तास पुरे. पंप मी इथून एकाकडून मागून घेतला आहे आणि तो घेऊन येतो. दिवस तू कळव. चर बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे फोटो टेप शेजारी धरून काढ, म्हणजे पुढे कोणी खिळा मारताना नळी फोडणार नाही.

विवेकरावांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा

ता. क. – तुझी आई विचारते आहे की स्वयंपाकघरात मांजराच्या पाण्याचा नळ सिंकच्या कोणत्या बाजूला घेणार आहेस. ती डावखुरी आहे, हे प्लंबरला माहीत नसणार. पिंप भरायला त्या नळाखाली दीड फूट तरी मोकळी जागा ठेवावी, असेही तिने लिहायला सांगितले आहे.