निडोच्या डब्यातलं गाणं

चाचा, सलाम.

आखातातलं अरबी गाणं ऐकायला शिकवलंत म्हणून फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बस कर रे" म्हणून फोन ठेवता. म्हणून हे चार लोकांदेखत लिहितोय. आता ठेवा फोन.

तुम्हाला आठवत नसेल, पण सुरुवात तुमच्या गाडीत झाली. बहरीनमधलं माझं पहिलंच वर्ष. तुम्ही कंपनीचे मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं करून आणणारे. कुणाचा व्हिसा, कुणाचं सीपीआर, म्हणजे तिथलं ओळखपत्र, सगळ्यांच्या फायली तुमच्या मागच्या सीटवर. माझ्या कागदावर एक शिक्का कमी निघाला आणि आपण दोघं सरकारी कचेरीबाहेर उन्हात अडकलो. एसी लावलेला, कॅसेट चालू. एक ऊद, म्हणजे अरबी तंतुवाद्य, एक माणूस गातोय, आणि खालून सतत टकटक, टकटक. "चाचा, गाडीचं काहीतरी सैल झालंय," असं मी म्हणालो होतो. तुम्ही स्टिअरिंगवर डोकं टेकून हसलात.

ते मिरवास होते. तळहातावर मावणारा, दोन्ही बाजूंनी चामडं मढवलेला इवलासा ढोल. एका हातात धरायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायचा. एकजण ठेका धरून ठेवतो, बाकीचे त्याच्या फटींतून आपले ठोके घुसवतात. त्या दिवसापर्यंत अरबी गाणं म्हणजे टॅक्सीतला कीबोर्डचा गोंगाट, एवढीच माझी समजूत. ऊद, मिरवास, फार तर एक व्हायोलिन किंवा कानून नावाचं तारांचं वाद्य, आणि पुढे कविता. एवढ्यावर बैठक रंगते, हे त्या शिक्क्याच्या कृपेने कळलं.

याला सौत म्हणतात, हे तुम्हीच सांगितलंत. सौत म्हणजे नुसता 'आवाज'. कुवेत आणि बहरीनच्या शहरी बैठकींतलं गाणं. सहा मात्रांचा तो सौत अरबी, चारांचा तो सौत शामी. शब्द बहुतेकदा जुन्या कसीद्यांचे, म्हणजे लांब अरबी कवितांचे, नाहीतर येमेनच्या हुमैनी कवितेचे. मी लगेच अर्थ विचारला. तुम्ही सरळ नाही म्हणालात. "अर्थ मागाहून. आधी टाळी सापडू दे."

मला वाटलं, चाचांना अर्थ येत नाही म्हणून टाळतायत. माफ करा.

मग एका गुरुवारी तुम्ही मला बहरीनमधल्याच मुहर्रक शहरात नेलंत. त्या अरुंद गल्ल्या, समुद्रातल्या दगडाच्या जुन्या भिंती, आणि एका घराबाहेर चपलांचा ढीग. आत भिंतीला टेकून पंचवीस-तीस माणसं. गायकाच्या मांडीवर ऊद. माईक नाही. आपल्याकडच्या बैठकीची सवय असल्याने मी मनात सम धरली आणि बरोब्बर तिथे जोरात टाळी दिली. खोलीत टाळी वाजली ती माझी एकट्याची. शेजारच्या म्हाताऱ्याने काही न बोलता माझं मनगट धरलं, चार आवर्तनं धरूनच ठेवलं आणि पाचव्याला सोडलं. मग सगळ्यांच्या टाळ्या पडल्या. ठोक्यावर नाहीत, ठोक्यांच्या मधे, तडतडत, दोन गटांत वाटून. दोन माणसं उठली आणि झफान नाचायला लागली, पुढे सरकत, उडी मारून गुडघ्यावर येत. तुम्ही कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होतात. मी अजून त्या मनगटावरून टाळी मोजतो.

अर्थ तुम्ही तीन महिन्यांनी सांगितलात, तोही सिग्नलला थांबल्यावर, अर्धी ओळ लाल दिव्यात, उरलेली पुढच्या चौकात. कवी वाऱ्याकडे निरोप देतोय. कुणाला, तर 'त्याला'. मी गोंधळलो. तेव्हा तुम्ही म्हणालात, अरबी कवितेत प्रेयसीला पुल्लिंगी बोलायची रीतच आहे. मागचा हॉर्न वाजत होता आणि तुम्ही मला व्याकरण शिकवत होतात.

सुट्टीवर घरी आल्यावर मी आजोबांच्या पेटीवर तुमची चाल काढून बघितली. बयाती या अरबी रागातला रिषभ सापडेना. कोमल दाबला तर खाली, शुद्ध दाबला तर वर. तो राहतो दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत. हिजाज हा दुसरा अरबी राग ऐकला की भैरवचा भास तरी होतो, पण या रिषभाला आपल्या पेटीत घरच नाही. ऊदाला पडदे नसतात, त्यामुळे बोट हवं तिथे ठेवता येतं. त्या दिवसापासून पेटीवर माझा थोडा राग आहे.

निवृत्त होऊन कोकणात परतताना तुम्ही निडोच्या दूध पावडरचा मोठा डबा माझ्या हातात दिलात. आत अकरा कॅसेटी, प्रत्येकीवर तुमच्या अक्षरात आकडा. "ऐकून झालं की परत दे." त्यातली चौथी सौत गायक मुहम्मद बिन फारिसची. मुहर्रकचाच माणूस, जन्म 1895 चा, गेला 1947 ला. 1932 साली बगदादला जाऊन त्याने तबकड्या भरल्या. तुमची कॅसेट म्हणजे त्या तबकडीच्या नकलेची नक्कल. खरखर एवढी, की शेजारच्या खोलीत कुणी भजी तळतंय असं वाटतं. गाण्याच्या मधे एक खंड पडतो, तिथे तुम्ही दर वेळी म्हणायचात, "बघ, आता पाणी प्यायला." चाचा, तो पाणी प्यायला नव्हता. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. कविता लांब, म्हणून अर्धी इकडे, अर्धी तिकडे. तो खंड म्हणजे तबकडी उलटल्याचा. तरी अजून तिथे आलं की मला पाणीच दिसतं.

आणखी एक. "हे गाणं आपल्या मुंबईत शिकून गेलंय," असं तुम्ही छाती काढून सांगायचात. मी ते कोकणी फुशारकीत जमा केलं होतं. पण सौतचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात, तो कुवेतचा कवी अब्दुल्ला अल-फरज, जन्म 1836 चा, खरंच मुंबईत वाढला होता. बाप तिथे व्यापारात. संगीतही त्याने तिथेच गिरवलं. तेव्हा आखाताचे मोती मुंबईला उतरायचे आणि आखातात आपला रुपया चालायचा. बहरीनमध्ये तर 1965 पर्यंत रुपयाच होता. येमेनचा वाटा तुम्ही सोयीने गाळलात, पण अर्धं खरं होतं. एवढं म्हणजे तुमच्या हिशोबाने पुष्कळच.

आता कबुली. सगळ्या कॅसेटी मी संगणकावर उतरवून घेतल्या, पेन ड्राइव्ह तयार आहे. फक्त सातवी कॅसेट माझ्या टेपने खाल्ली. हातभर फीत बाहेर आली. रात्री दोनपर्यंत पेन्सिल फिरवत बसलो, एके ठिकाणी तुटली, तिथे चिकटपट्टी लावली. वाजते. चिकटपट्टीपाशी मिरवासचा एक ठोका गळतो.

गणपती झाले की डबा घेऊन येतो. सातवी आधी लावू. तो ठोका तुम्ही हाताने द्या, टाळी मी सांभाळतो.

तुमचा,
'गाडी सैल झालीय' म्हणणारा