मंजे, खेळाचं नाव अडलंय

प्रिय मंजे,

आईचा गुडघा ठीक, माझा खोकला गेला, पुण्यात ऊन मी म्हणतंय. झालं. आता मुद्द्याचं.

आपल्या होडीच्या गेमला 'भरती' नाव नको, असं पब्लिशरने कळवलंय. का, तर मोबाइलवर 'भरती' शोधून बघ. पोलीस भरती, तलाठी भरती, वनरक्षक भरती! आपली खाडी कुठेच नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे, म्हणून तर जास्त झोंबतंय. वर त्यांनीच 'क्रीक क्रॉनिकल्स' सुचवलंय. प्ले स्टोअरवर नावाला तीसच अक्षरं मिळतात, त्यात ते आरामात बसतं म्हणे. बसेल गं, पण हजार गेमांना चालेल असं नाव आपल्याला कशाला?

'नावात काय एवढं?' असं म्हणू नकोस. एकांकिकेच्या वेळी तू हेच म्हणालीस आणि 'अंधारयात्रा' ठेवून मोकळी झालीस. परीक्षक शेवटपर्यंत भुताची वाट बघत बसले. तो राग माझा अजून गेलेला नाही.

या धंद्यात तर नावापायी वकील उभे राहतात. 'माइनक्राफ्ट'वाल्या मोजांग कंपनीने एका गेमला 'स्क्रोल्स' नाव दिलं, तर 'एल्डर स्क्रोल्स' गेमवाले २०११ मध्ये कोर्टात गेले. पुढच्या वर्षी तडजोड झाली. 'नो मॅन्स स्काय'वाल्यांना 'स्काय'पायी त्याच नावाच्या ब्रिटिश टीव्ही कंपनीशी तीन वर्षं झगडावं लागलं, आणि २०१६ मध्ये गेम बाजारात यायच्या तोंडावर ते मिटलं. जपानात १९८० साली 'पक मॅन' म्हणून आलेला गेम अमेरिकेत जाताना 'पॅक-मॅन' झाला, कारण तिथली कार्टी मशीनवरच्या 'पी'चा 'एफ' करतील अशी धास्ती होती. खिदळ आता. आम्हीसुद्धा ट्रेडमार्कचे वर्ग ९ आणि ४१ धुंडाळतोय, म्हणजे सॉफ्टवेअर आणि करमणूक.

इथल्याच 'नॉडिंग हेड्स' कंपनीने २०२० मध्ये 'राजी' गेम काढला. नायिकेचंच नाव, दोन अक्षरं, जगात कुणालाही म्हणता येतं. मला त्यांचा हेवा वाटतो. आपल्याकडे नायिका नाही, खाडीच आहे.

आणि खेळायला दिलं तेव्हा लक्षात आलं, भरतीत कुणीच अडकत नाही. पाणी उतरायला लागलं की वाळूचे दांडे वर येतात, होडी रुतते आणि पलीकडच्या धक्क्यावरची माणसं ताटकळतात. सगळी घालमेल तिथे आहे. तेव्हापासून माझ्या डोक्यात ओहोटीसाठीचा तुमच्या घरातला शब्द बसलाय: 'सुकती'. विजयदुर्गच्या खाडीत बाबा होडी फिरवताना म्हणायचे तो. खेळणाऱ्याच्या हाताला जे कळतं, तेच नावात आहे.

पण आमचा नागपूरचा प्रोग्रामर म्हणाला, "सुकट?" दिवसभर ऑफिसात जवळ्याच्या चटणीवर चर्चा. शिवाय रोमन अक्षरांत 'सुकती' आणि 'सूक्ती' एकच दिसतात. सुविचारांचं ॲप समजून कुणी उतरवलं तर? 'सुकतीची वेळ' केलं तर घोटाळा टळतो, पण नाव सैल पडतं. मला एकच शब्द हवाय. पब्लिशरशी त्यासाठी भांडायची माझी तयारी आहे. फक्त तो शब्द तुमच्याकडचा आहे, तुम्हाला विचारल्याशिवाय मी लावणार नाही.

तुझी बदली झाली का? चिन्मय आता चालत असेल. सासूबाईंना नमस्कार. आंब्याची पेटी पाठवू नकोस, मीच मे महिन्यात येते.

शुक्रवारी स्टोअरचं पान भरायचंय. त्याआधी बाबांना विचार, आणि ते काय म्हणतील ते तुझी मखलाशी न करता कळव.

तुझी,
नंदू