बाळाची तहान दुधानंच भागते

प्रिय सोन्या,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर विचारलंस, एवढा उकाडा आहे, बाळाचे ओठ कोरडे दिसतात, तर चमचाभर पाणी पाजू का? मी "नको" म्हटलं आणि तेवढ्यात बाळ रडायला लागलं, तू फोन ठेवलास. नुसत्या "नको"वर तुझं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. म्हणून सविस्तर लिहिते.

आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं. बाळाला लागतं तेवढं सगळं पाणी त्यातून मिळतं, भर उन्हाळ्यातसुद्धा. जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने फक्त आईचं दूध द्यायला सांगते, आणि तो नियम गरम हवेतही तसाच आहे. बाळाचं पोट एवढंसं. त्यात चार चमचे पाणी गेलं की तेवढं दूध कमी जातं. बाळानं कमी ओढलं की आईला दूधही कमी येऊ लागतं. याहून मोठा धोका वेगळाच आहे. नवजात बाळाची मूत्रपिंडं अजून कच्ची असतात, जादा पाणी त्यांना झपाट्यानं बाहेर टाकता येत नाही. मग रक्तातलं सोडियम पातळ होतं, बाळ मलूल पडतं, कधी झटकेही येतात. वॉर्डात अशी बाळं मी पाहिली आहेत. घरच्यांनी ते पाणी मायेपोटीच पाजलेलं असायचं. तेव्हा साखरपाणी असो की साधं पाणी, कुणीही कितीही आग्रह केला तरी नाही म्हणायचं काम तू अंगावर घे. बाळंतिणीला त्या वादात ओढू नकोस.

उकाड्यात दूध जास्त वेळा पाजायचं, बस्स. एरवीही या वयाचं बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं. गरमीत ते सारखं तोंड हलवेल, दोन मिनिटं पिऊन सोडेल, पुन्हा मागेल. "आत्ताच तर प्यायलं" म्हणून ताटकळत ठेवू नका. उलट, उकाड्यानं बाळ पेंगतं आणि पिण्याच्या वेळा चुकतात, ते जास्त वाईट. जन्माचं वजन भरून येईपर्यंत ३ तासांच्या वर झोपलं तर उठवा. अंगावरचे कपडे काढायचे, तळपायांवर बोटं फिरवायची, उठतं.

पाजताना दोघांची अंगं घामानं चिकटतात आणि बाळ चिडून तोंड सोडतं. मध्ये पातळ सुती कापड घाला. त्याचं डोकं जिथे हातावर टेकतं तिथे हमखास घाम साचतो, तिथेही एक घडी ठेवा. कुशीवर निजून पाजलं तर अंगाला अंग कमी लागतं.

पाजायला बसली की बाळंतिणीला स्वतःला सपाटून तहान लागेल आणि नेमकं तेव्हाच उठता येणार नाही. पाण्याची बाटली तिच्या हाताशी, एका हातानं उघडेल अशी, भरलेली ठेवणं ही तुझी जबाबदारी. रात्रीचीसुद्धा.

कधी डब्याचं दूध द्यावं लागलं तर डब्यावर लिहिलेल्या मापातच कालव. उन्हाळा म्हणून पातळ करायचं नाही. डब्याच्या दुधावरच्या बाळाला उकळून गार केलेलं पाणी द्यायचं की नाही, हे फक्त डॉक्टर ठरवतील.

आता पोटात पुरेसं जातंय हे ओळखायचं कसं? ओठांवरून नाही. चोखून चोखून ओठांची साल निघते, ते नेहमीचं आहे. तोंडाच्या आत बघ. जीभ आणि हिरड्या ओल्या, चकचकीत असल्या की ठीक. डोळ्यांत पाणी नाही म्हणूनही घाबरू नकोस. पहिले काही आठवडे बहुतेक बाळं अश्रूंशिवायच रडतात. खरा हिशेब लंगोटाचा. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत किमान ६ वेळा चांगली लघवी व्हायला हवी, फिकट रंगाची. पहिल्या दोन-तीन दिवसांत विटकरी डाग पडतात, त्यात सहसा काळजीचं नसतं. आठवडा झाल्यावरही तसेच डाग पडले तर दूध कमी पडतंय असं समजून डॉक्टरांना दाखवायचं. डायपर वापरत असाल तर ओल वरून कळत नाही. एका कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओतून हातात वजन घेऊन बघ, मग भरलेला डायपर हाताला कसा लागतो ते कळेल. भिंतीवर कागद लाव आणि प्रत्येक वेळी रेघ मार. दोघांनाही पुरेशी झोप नसताना आठवणीवर भरवसा ठेवू नका.

बाळाला गरम होतंय का हे हात-पाय धरून पाहू नकोस. ते या वयात गारच लागतात. मग कुणीतरी मोजे घालतं, टोपडं चढवतं, दुपट्यात घट्ट बांधतं आणि आत बाळ शिजतं. मला याचीच सगळ्यात जास्त धास्ती आहे. मानेमागे किंवा छातीवर दोन बोटं ठेव. तिथे कढत किंवा घामट लागलं तर एक कपडा कमी कर. नवजात बाळाला मोठ्या माणसासारखा घाम येत नाही आणि पांघरूण लाथाडताही येत नाही, त्यामुळे उष्णता बाहेर पडायला आपणच वाट करून द्यायची. अंगाच्या मानानं डोकं मोठं असतं, बरीचशी उष्णता तिथूनच जाते. घरात टोपडं नकोच. उकाड्यात एक पातळ सुती झबलं पुरे, फारच गरम असेल तर नुसता लंगोट. झोपवायचं पाठीवर, उशी-पांघरुणाशिवाय. झोपेत फार तापलेल्या बाळांना अचानक मृत्यूचा धोका वाढतो, त्यामुळे हे सैलपणानं घेऊ नका.

पंखा, एसी दोन्ही चालतात, फक्त झोत थेट अंगावर नको. हवाच अंगापेक्षा गरम असेल तेव्हा नुसता पंखा गरम वारा फेकतो. अशा वेळी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं अंग पुसा. बर्फाचं पाणी नको, त्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडते. पावडरही नको, ती श्वासात जाते.

बाहेर जायचं तर ऊन चढायच्या आधी, सावलीतून. बाबागाडीवर दुपटं टाकून झाकू नकोस, आत हवा कोंडते. बंद गाडीत एक मिनिटही एकटं ठेवायचं नाही, काच खाली केली असली तरी.

डॉक्टरांना ताबडतोब कधी गाठायचं तेही सांगते. काखेत ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस नेहमीचं. त्याच्या थोडं वर गेलं तर कपडे कमी करा, दूध पाजा आणि अर्ध्या तासानं पुन्हा मोजा. ३८ किंवा त्याहून जास्त दिसलं तर वाट बघायची नाही, घरातलं औषध द्यायचं नाही, थेट दवाखाना, रात्र असली तरी. उकाड्यानंच ताप आला असेल असं आपण ठरवायचं नाही, या वयात तो जंतुसंसर्गाचाही असू शकतो. टाळू खोल गेलेली, सहा-सात तास लघवी नाही, लागोपाठ दोनदा दूध ओढलं नाही, उठवून उठत नाही किंवा अंग कापडासारखं लुळं, यांतलं एकही दिसलं तरी ताप नसला तरी निघा.

या आठवड्यात वजनाला न्यायचं आहे ना? सकाळची पहिली वेळ माग आणि निघण्याआधी पोटभर पाजू दे. रेघांचा कागद बरोबर ने, डॉक्टरांना दाखव. वजन किती भरलं ते मला लगेच कळव.

तुझी,
आई