आंबा बागायतदार सभासदांसाठी सूचना : भिरूड आणि खोडावरच्या जखमा

खोडाशी ताजा भुसा पडलेला दिसला की आत भिरूड (खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी) आहे असे धरा. नुसते भोक बुजवून उपयोग नाही, अळी आतून पोखरतच राहते. सैल साल पटाशीने काढा, टोकाला आकडा केलेली तार घालून अळी ओढून काढा. हाती लागली नाही, तर पेट्रोलात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून भोक चिखलाने लिंपा (जवळ विडी-काडी नको). आठवड्याने पुन्हा पाहा. नवा भुसा म्हणजे अळी जिवंत आहे.

कुजकी साल निरोगी सालीपर्यंत तासून बोर्डो मलम लावा. मलमासाठी 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 1 किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत, प्रत्येकी 5 लिटर पाण्यात. चुना थंड झाल्यावर गाळून दोन्ही एकत्र करा. लोखंडी सुरी बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. मलम त्याच दिवशी संपवा.

मोठ्या ढोलीत सिमेंट भरू नये. वाऱ्याने खोड हलते, कडेला फट पडते, पाणी आत साचून कूज वाढते. भुसभुशीत लाकूड खरवडून ढोली उघडीच ठेवा.