या फेब्रुवारीत मी येत नाहीये

ती. आई-बाबा,
सा. न.

फेब्रुवारीची रजा टाकली, पण घरी येण्यासाठी नाही, सॅक्स-झिम बॉगसाठी. फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि मी तिकीट काढून बसले असते.

मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहरापासून तासाभरावर स्प्रूस-टॅमरॅक झाडांची ही दलदल आहे, हिवाळ्यात सगळी गोठलेली. ग्रेट ग्रे आउल हे मोठं राखाडी घुबड तिथलं. उंची दोन फुटांहून जास्त, वजन जेमतेम किलोभर, बाकी नुसती पिसं. ताटाएवढ्या चेहऱ्यावर आवाज गोळा करतं आणि दोन फूट बर्फाखालचा उंदीर नेमका उचलतं. 2004-05 च्या हिवाळ्यात कॅनडात उंदीर कमी पडले, तेव्हा हजारो घुबडं मिनेसोटात उतरली होती. यंदाही बरी दिसताहेत म्हणे. मेमध्ये ती दाट झाडीत दडतात, आणि मेमध्ये मी घरी आहेच. तिकीट काढलंय, खरंच.

आई, अशुभ वगैरे म्हणू नकोस हं. पिंपळावरच्या पिंगळ्याला घाबरून मी तुझ्या पदरात शिरायचे, तेव्हा तूच म्हणायचीस, "अगं, तोच आपल्याला घाबरलाय." अजूनही अंधारात पंख फडफडले की तुझा पदर आठवतो.

थंडी उणे तीसपर्यंत जाते, पण फोटो बहुतेक गाडीतूनच काढायचे. लोकरीचे थर आहेत, मोज्यांत गरम पुड्या, थर्मासमध्ये आल्याचा चहा. मेतकूटही नेतेय. कॅमेऱ्याची बॅटरी स्वेटरच्या आत ठेवायची, नाहीतर लगेच मान टाकते. काही जण दुकानातले उंदीर टाकून घुबडांना जवळ बोलावतात. मग ती रस्त्याकडेला रेंगाळतात नि गाड्यांखाली येतात. बाबा, तुमची मुलगी तसलं करत नाही.

आता तुमचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन "ती आली की करू" म्हणून ढकलायचं नाही. दादा पुण्याहून येणार आहे, त्याच्याशी बोललेय. मी नाही म्हणून राहिलं असं होऊ देऊ नका, मला इथे झोप लागायची नाही. थेंब वेळेवर घाला, स्कूटर बंद. आई, बाबांच्या निमित्ताने तूही साखर तपासून घे. श्रीखंड लपवून खाल्लेलं मला कळतं.

फोन रात्री जेवणं झाल्यावर करा. पहाटेचा फेरा आटपून मी तेव्हा रेंजमध्ये असते. नाही लागला तर तासाभराने पुन्हा करा, लगेच दादाला उठवू नका.

तुमची,
छकुली